कॉम्प्युटरची इर्जिक

नवा मिक्सर घरात आला की लोक आधी चटणी वाटतात. आमच्या शेजारचे नाना आधी तो उघडून बघतात. "सोयरीक असू दे न्हाईतर मिक्सर, मुळापास्नं चौकशी केल्याबिगर घरात घ्यायचं न्हाई," हे त्यांचं म्हणणं. त्यांची चौकशी संपेपर्यंत नानी आपल्या पाट्यावर वाटत बसतात. त्या मिक्सरचे काही स्क्रू शेवटी उरलेच, पण तो चालतो. नाना म्हणतात, ते कंपनीनं जास्तीचेच घातले होते.

लग्न होऊन मी पुण्याहून कामथडीला आले, तेव्हा नाना सरकारी वायरमनच्या नोकरीतून नुकते निवृत्त झाले होते आणि घरात उघडण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी घरी बसून प्रोग्रॅम लिहिते असं कळल्यावर ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "सूनबाई, त्ये आतनं कसं असतंय, दाव की जरा." दाखवलं. मग रोजच येऊ लागले, आणि बघता बघता स्वतः लिहायला शिकले. विहिरीवरची मोटर घरातल्या कॉम्प्युटरवरून चालू-बंद करायची, हा त्यांचा बेत. त्यासाठी पडद्यावर एक खिडकी हवी आणि खिडकीत बटणं हवीत.

अशा खिडक्या-बटणांचं सुतारकाम कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं, त्याला लायब्ररी म्हणतात. एक ओळ टाइप केली की ती तयार उतरते. मी ती ओळ सांगितली, तर पाकिटातली भाकरी वाढल्यासारखं नानांनी तोंड केलं. "तयार नगं. मुळापास्नं घिऊ." म्हणजे तिचा मूळ लिहिलेला सोर्स कोड आणायचा आणि आपल्याच मशीनवर तो कंपाइल करून, म्हणजे मशीनच्या भाषेत आणून, लायब्ररी बांधायची.

मशीन होतं लिलावातलं, जुनं. काम निम्म्यावर आलं की लाइट जायची. लाइट असली की एरर यायची, अमुक फाइल सापडत नाही. ती आणावी, तर तिला आणखी दुसरीच कुठली तरी लागायची. लग्नाचं बोलावणं करायला मेहुण्याकडे जावं आणि त्यानं आधी साडूला बोलवा म्हणून अडून बसावं, तसला प्रकार. मी असते तर कधीच नाद सोडला असता. नाना मात्र चिडत नसत. प्रत्येक एरर मोठ्यानं, अक्षर लावून वाचत. मी मध्येच उत्तर सांगायला गेले की हात वर करत. "बोलू दे त्याला. त्याचं म्हननं काय हाय ते तरी ऐकू."

एकदा मी सहज म्हणाले, "नाना, चार-पाच लॅपटॉप जोडले तर हे काम वाटून देता येतं. प्रत्येकानं थोडंथोडं करायचं."

नाना खुर्चीत ताठ बसले. मग म्हणाले, "म्हंजे इर्जिकच की."

भातलावणीत ज्याचं काम मागं पडलं, त्याच्या वावरात सगळ्या वाडीनं एक दिवस राबायचं आणि त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, ही इर्जिक. नानांच्या इर्जिकीला पूर्वी म्हणे बांधावर पाय ठेवायला जागा नसायची. हल्ली जो तो मजूर लावतो आणि पोरं नोकरीला पुण्याला जातात. गेल्या पावसाळ्यात नानांनी हौसेनं इर्जिक घातली, तर आले फक्त माझे सासरे आणि मी, जिला रोप कुठल्या टोकानं रोवायचं तेही ठाऊक नव्हतं. नानींनी मोठ्या पातेल्यात केलेला रस्सा आम्ही दुसऱ्या दिवशीही खाल्ला. त्यानंतर बरेच दिवस नानांनी घरातलं काही उघडलं नाही.

आणि आता हाच माणूस लॅपटॉपवाल्या पोरांची दारं पुजत फिरत होता. "रविवारी आपल्याकडं इर्जिक हाय. लॅपटॉप घिऊन या. चार्जर ज्याचा त्यानं आनायचा." पोरं हसून हो म्हणत होती. त्या हसण्याचीच मला धास्ती वाटत होती. यंदाही कुणी फिरकलं नाही, तर नाना पुन्हा कुणाला बोलावणार नाहीत, हे मला कळत होतं.

रविवारी नाना सकाळपासून फाटकाशी उभे होते. हातात पक्कड होती, वळवायला तार नव्हती. चूल पेटवू का थांबू, असं नानींनी आतून विचारलं, तरी त्यांची नजर रस्त्यावरून हटली नाही. बऱ्याच वेळानं संतोष आला, पुण्यात एका ऑफिसात काम करणारा. "नाना, खरंच हाय व्हय हे?" त्यानं लगेच मोबाईलवर फोटो काढून मित्रांना पाठवला आणि मग एकेक जण गंमत बघायला येऊ लागला. गंमत बघायला आलेले बसले, बसलेल्यांनी लॅपटॉप जोडले. पडवी भरली. वाडीतल्या दोन म्हाताऱ्या कोपरा धरून बसल्या. माझे सासरे, ज्याचा लॅपटॉप तापेल त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत होते.

दुपार होत आली आणि एरर आली. सगळी पोरं एका पडद्यावर वाकली. जेवढी डोकी तेवढी मतं. मध्ये नाना, कपाळाला आठ्या घालून. "आता कसं रं करायचं?"

मी पाणी आणायला आत गेले. नानी भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, "आज जमलं नाही, तर नाना फार हिरमुसतील हो."

"त्यांचं बुधवारीच झालंया की." नानींनी तव्यावरची भाकरी उलटली. "खिडकी उघडली, बटनं आली. मला हाक मारून दावली. मग समदं पुसून टाकलं."

"पुसून? का?"

"झालं म्हनल्यावर कोन येतंय, बाई?"

तांब्या घेऊन मी दारातच थांबले. बाहेर पोरं हातवारे करून भांडत होती आणि नाना पडद्याकडे बघतच नव्हते. पायरीखाली पडलेल्या चपलांच्या ढिगाकडे बघत होते.

"वहिनी, तुमाला कळतंय का काय अडलंय?" संतोषनं विचारलं.

मी पडद्यावर वाकून बघितलं. एका ओळीचं काम होतं, आणि ती ओळ नानांनाही पाठ असणार. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि चटकन नजर खाली वळवली.

"नाही रे बाबा," मी म्हणाले. "अवघड दिसतंय. आधी सगळे जेवून घ्या, मग बसू निवांत."

"सूनबाई म्हंती त्ये बराबर हाय," म्हणत नाना पत्रावळी आणायला उठले.