ठोशाचा आवाज

माझा ठोसा वाजायचा! ही फुशारकी नाही, वस्तुस्थिती आहे. तुम्ही हवेत ठोसा माराल तर फार तर माशी उडेल. मी मारला की फाट्ट! आवाज व्हायचा आणि सभागृहाबाहेरून जाणारे लोक आपल्या चपलेचा पट्टा तुटला की काय ते बघायचे. नुसता तो आवाज ऐकून पालक माझ्या कराटेच्या वर्गात मुलांची नावं घालायचे.

गेल्या वर्षी बायको गेली आणि तिच्यामागोमाग आवाजही गेला.

हात तोच, ठोसा तोच, पण आवाज फुस्स! आता, वाजते ती कराटेच्या ड्रेसची बाही, एवढं मला कळतं. ड्रेस धुवायची ही. मी धुवायला लागल्यापासून तो आटलाही होता. म्हणजे ही पाण्यात काहीतरी घालत असणार. काय घालायची? मी कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायची सोय नव्हती.

एरवी सोडूनही दिलं असतं. पण यंदाच्या स्पर्धेत प्रशिक्षकांनाही परीक्षकांसमोर काता करून दाखवायचा होता. काता म्हणजे समोर शत्रू आहे असं समजून एकट्यानं करायची ठरावीक मारामारी. ज्याला जमणार नाही, त्याचा वर्ग दुसऱ्याला मिळणार. वर्ग गेला तर संध्याकाळी मी करू काय? घरात बोलायला फक्त फ्रिज उरलाय, आणि तोसुद्धा मध्येच गप्प होतो.

मी शोध सुरू केला. मोरीतल्या फळीवरचा एकेक डबा उघडून हुंगला. चार शिंका आल्या, उलगडा झाला नाही. मग मेहुणीला फोन केला.

"अगं, तुझी ताई माझ्या ड्रेसला काय करायची?"

पलीकडे खुदकन हसू. "मला नका विचारू भाऊजी. तिनं शपथ घातलीय."

"शपथ? कपडे धुण्यात कसली शपथ?"

"ते तिचं तिला ठाऊक!" फोन बंद.

आता तर मला चैन पडेना! इस्त्रीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "खळ असणार काका, तांदळाची." शेजारच्या काकू म्हणाल्या, "छे, मैद्याची!" खालच्या मजल्यावरचा रंगारी म्हणाला, "दोन्ही फुसक्या. साबुदाण्याची घाला, भिंत धरते!" कुणाचं मन कशाला मोडा? मी तिन्ही एकत्र शिजवल्या आणि ड्रेस त्यात बुडवला.

सकाळी बघतो तर ड्रेस दोरीवरून उतरून गॅलरीत स्वतःच्या पायावर उभा! दूधवाला त्याला "दूध घ्या काका" म्हणून मोकळा झाला.

स्पर्धेच्या दिवशी मी तो अंगात घातला म्हणण्यापेक्षा मी त्याच्या आत शिरलो. मैदानात पाऊल टाकलं की कर्र, दुसरं टाकलं की कर्र. गुडघ्यावर बसून नमस्कार करायचा असतो. मी अर्धा बसलो आणि तिथंच अडकलो.

"सर, बरं वाटतंय ना?" मुख्य परीक्षक बाईंनी विचारलं.

"उत्तम!" मी म्हणालो आणि पहिला ठोसा हाणला.

फाट्ट! पत्रा कोसळावा तसा आवाज! मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खूश! दुसरा ठोसा, तिसरा ठोसा, आणि मला घाम फुटला.

खळीला घाम लागला की तिचा डिंक होतो, हे मला तिघांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं. ठोसा मारून मूठ कमरेशी आणली ती कमरेलाच चिकटली. ती सोडवायला दुसरा हात नेला, तोही चिकटला. आता उरली लाथ. मी जोरात पाय उचलला, पण विजारीचे दोन्ही पाय एकमेकांना घट्ट धरून होते. मी ओंडक्यासारखा आडवा झालो. समोर शत्रू नव्हताच, तरी हरलो!

बाई उठून जवळ आल्या. "सर, हा कुठला काता?"

"जरा जुना आहे," मी जमिनीवरून म्हणालो.

त्यांनी ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलत होते. "थोडा वेळ देते. ड्रेस बदलून या. मात्र ही शेवटची संधी!"

बेकरीवाला पुढे झाला. हा माझ्या वर्गातला सगळ्यात गोलमटोल विद्यार्थी. "सर, माझा घाला. पण तुम्हाला ढगळ होईल हो."

ढगळ? मला तो इतका बेतशीर बसला की बेकरीवाला ओशाळला. मी मैदानात उतरलो, श्वास घेतला, ठोसा मारला.

फाट्ट!

तोच आवाज! हिच्या हातचा! मी काता पुरा केला, वर्ग वाचला, पण माझं लक्ष कुठं होतं! मी तडक प्रेक्षकांत बसलेल्या मेहुणीकडे गेलो. ती डोळे पुसत होती. हसून की रडून, कळेना.

"हा बेकरीवाला कुठली खळ घालतो?"

"कसली खळ भाऊजी! आता ताईची शपथ मोडतेच. सैल बाही वाजते, घट्ट वाजत नाही. एवढंच आहे ते."

"पण माझा नंबर अडतीस. पहिल्यापासून अडतीसच!"

"लेबल अडतीसचं! तुम्ही सुटलात की ताई एक नंबर मोठा ड्रेस आणायची, जुन्याचं लेबल उसवून त्याला लावायची. म्हणायची, ह्यांना अजून आपण तिशीतले वाटतो, वाटू दे."

"शेवटचा कितीचा होता?"

"बेचाळीस. त्यावर वर्षभर बेकरीत जेवलात!"

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन हळू आवाजात चव्वेचाळीस नंबर मागितला. घरी येऊन खळीच्या ड्रेसचं लेबल उसवलं, सुईत दोरा ओवायला चष्मा लावला आणि अडतीस नव्या ड्रेसवर शिवलं. बोटाला तीनदा टोचलं, आणि लेबल लागलं उलटं.

हिचं एकदाही उलटं लागलं नव्हतं हो. नाहीतर केव्हाच पकडली असती!