काडतुसांच्या यंत्राची खंडेनवमी

यंत्र ओळखायला निशिकांत चौबळांना डोळे लागत नसत, असं ते स्वतःच सांगत. दांड्याला हात लावला की पुरे! उभं आयुष्य जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून काढलेलं. कुठला पंप खरोखर आजारी आहे आणि कुठला नुसती नाटकं करतोय, हे त्यांना झोपेतही कळे. "स्वस्तातला माल मला फसवू शकत नाही," हे वाक्य ते सिंगापूरच्या वुडलँड्समधल्या आपल्या ब्लॉकखाली लिफ्टची वाट पाहतानासुद्धा कुणाला ना कुणाला ऐकवत. लिफ्टबद्दलही त्यांचं मत होतंच, आणि ते चांगलं नव्हतं.

पण निवृत्त झाल्यापासून हात लावायला यंत्रच उरलं नव्हतं. मग त्यांनी घरातला मिक्सर उघडला. तो बंद होईना म्हणून पंखा उघडला. राइस कुकर 'सुधारला', तेव्हापासून भात एका बाजूने करपायचा आणि दुसऱ्या बाजूने कच्चा राहायचा. शेवटी सुलेखाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, स्क्रू ड्रायव्हर डाळीच्या डब्यात लपवला. चौबळ वरवर हसले, पण आतून फार खचले. त्यांना कुणीतरी पुन्हा 'चीफ' म्हणून हाक मारायला हवी होती. बाकी काही नको होतं.

ती हाक मिस्टर तानने मारली. तानचं वुडलँड्सच्याच एका इंडस्ट्रियल इमारतीत छोटं वर्कशॉप होतं. परदेशी गिऱ्हाइकांसाठी इकडच्या कारखान्यांचा माल तपासून द्यायचा, हा त्याचा धंदा. या वेळी अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाला काडतुसं पुन्हा भरायची स्वस्त यंत्रं हवी होती. कॉजवे म्हणजे खाडीवरचा रस्ता ओलांडला की मलेशियातलं जोहोर, तिथे मिस्टर कोहचा कारखाना होता. त्याने ती बनवली होती आणि नमुना तपासणीला आला होता. "चीफ, हे काम नीट झालं तर वर्षभराचं काँट्रॅक्ट तुमचं," तान म्हणाला. 'चीफ' ऐकूनच चौबळांनी होकार दिला. काँट्रॅक्टचा भाग त्यांना घरी गेल्यावर आठवला.

सुलेखाला काडतुसं भरणं हा प्रकार समजावताना त्यांना भारी उत्साह आला. तिकडचे हौशी नेमबाज म्हणे उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी फेकत नाहीत. घरी आणतात, प्रेसमध्ये दाबून पुन्हा आकारात आणतात आणि मापाने दारू भरतात. "म्हणजे आपण लोणच्याच्या बरण्या धुऊन ठेवतो तसंच की," सुलेखा म्हणाली. तसंच, पण बरणी फुटली तर लोणचं जातं आणि हे फुटलं तर बोटं जातात, असं चौबळांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. माप चुकता कामा नये, सगळी गोम मापात आहे.

सिंगापुरात असल्या बाबतीत थट्टा चालत नाही. तानने यंत्रासाठी रीतसर परवानगी काढली होती, आणि वर्कशॉपमध्ये ना दारू ना गोळी, नुसतं लोखंड होतं. लांब दांड्याचा एक प्रेस, त्याच्या मधोमध वरखाली होणारा खांब. शेजारी मापाचं भांडं: काळपट प्लॅस्टिकची उभी नळी, वर झाकण, बाजूला मूठ. मूठ फिरवली की खाली ठरलेलं माप पडायचं. दारूऐवजी काय वापरायचं? चौबळांनी लिटिल इंडियातून बारीक रवा आणला आणि तो सुलेखाकडून कोरडा भाजून घेतला.

आता नेमकी खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा केल्याशिवाय चौबळांनी त्या दिवशी इंजिनाला कधी हात लावला नव्हता. ब्राझीलच्या बंदरातसुद्धा त्यांनी स्पॅनरला हळदकुंकू वाहिलं होतं. वर्कशॉपमध्ये पूजा करू का, असं त्यांनी तानला विचारलं. अगरबत्ती सोडून काहीही करा, वर स्मोक डिटेक्टर आहे, असं तो म्हणाला. सुलेखा पिशवीत ताम्हण, झेंडूची माळ आणि नैवेद्याची डबी घेऊन हजर झाली. चौबळांनी पाने, पकडी, व्हर्नियर सगळ्यांना गंधफूल वाहिलं. एवढ्यात खाली माल आला म्हणून तानने त्यांना बोलावलं. जाता जाता ते बायकोला म्हणाले, "यंत्राची तू कर. आणि जरा मनापासून कर, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

सुलेखा मनापासून करते म्हणजे काय करते, हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं. तिने प्रेसला हळदकुंकवाची बोटं लावली, दांड्याला माळ घातली. मग तिला ते झाकणाचं भांडं दिसलं. तिने झाकण काढलं, ओंजळभर अक्षता आत वाहिल्या, त्यावर हळद सोडली, कुंकू सोडलं आणि झाकण नीट लावलं. नैवेद्य कुठे दाखवावा? खांबाच्या बुडाशी एक भोक होतं. ते तिला यंत्राचं तोंड वाटलं. तिने गूळखोबऱ्याचा घास त्यात अगदी प्रेमाने भरवला, नवऱ्याच्या नोकरीसाठी हात जोडले आणि बस पकडून ती घरी गेली.

चौबळ परतले. बाहेरून लावलेली हळदकुंकवाची बोटं त्यांनी आदराने पुसली, माळ काढून ठेवली, आत न डोकावताच नळीत रवा ओतला आणि मूठ फिरवली. पहिल्यांदा चिमूटभर रवा पडला. दुसऱ्यांदा भसकन मूठभर पडला. तिसऱ्यांदा काहीच नाही! चौबळांचे डोळे चमकले. स्वस्तातला माल सापडला होता.

मग त्यांची बुद्धी जी सुटली ती सुटलीच. पडलेल्या रव्यात पिवळी पूड दिसली. त्यांनी ती बोटांवर चोळली आणि ठरवलं, पितळेचा भुगा, आतलं बेअरिंग खातंय. नंतर तांबडी पूड आली. गंज! मालाला रंग लावायच्या आधीच गंज धरलाय. प्रेसचा दांडा ओढला तर खांब अर्ध्यावर अडकला आणि भोकातून तपकिरी, चिकट ओघळ आला. चौबळांनी तो हुंगला. वास गोडसर होता. म्हणजे वंगणसुद्धा हलकं, बहुतेक खायच्या तेलात बनवलेलं. थोड्या वेळाने मुंग्या आल्या, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली.

संध्याकाळी तानने कोहला व्हिडिओ कॉल लावला आणि चौबळांनी निकाल सुनावला. बेअरिंग फुटकं, पत्रा गंजका, वंगण भिकार. असलं यंत्र अमेरिकेत गेलं तर पहिल्याच दिवशी कुणाची तरी बोटं जातील, हे नापास. कोहचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो एवढंच म्हणाला की हा नमुना मी माझ्या हाताने जोडलाय आणि उद्या मी स्वतः येतोय. चौबळ त्या रात्री घरी गाणं गुणगुणत आले. सुलेखाने लगेच मिक्सर कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दसरा. कोह कॉजवेवरच्या गर्दीत तासन् तास अडकून, घामाघूम होऊन आला. 'हॅलो'सुद्धा न म्हणता त्याने स्वतःचा पाना काढला आणि मापाचं भांडं खोललं. टेबलावर आधी रवा सांडला. मग सांडले तांदूळ. लालपिवळे, अखंड तांदूळ.

कोह त्या तांदळांकडे बघत राहिला आणि त्याचा राग बघता बघता विरघळला. त्याला वाटलं, हा आपल्या माणसांचाच प्रताप. कितीदा सांगितलंय, जोडणीच्या टेबलावर बसून जेवू नका! त्याने चौबळांसमोर मान झुकवली, तुमची नजर मानली असं म्हणाला, आणि फोन काढून कारखान्याचा नंबर शोधू लागला. जोडणीवरच्या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता घरी पाठवतो, म्हणे. तान चौबळांच्या पाठीवर थाप मारत अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणत होता, "शाबास चीफ! काँट्रॅक्ट पक्कं लाह!"

चौबळांनी मात्र तांदूळ केव्हाच ओळखले होते. गप्प बसलं की काँट्रॅक्ट हातात होतं. पुन्हा रोज सकाळी कामावर जाणं होतं, 'चीफ' होतं. आणि तोंड उघडलं की परत लिफ्टची वाट पाहणं आणि डाळीच्या डब्यात स्क्रू ड्रायव्हर शोधणं. तिकडे जोहोरमध्ये फोन वाजत होता. उद्यापासून आपल्यासारखीच घरी बसणारी ती माणसं त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि ते त्यांना अजिबात सहन झालं नाही.

"मिस्टर कोह, फोन ठेवा," ते म्हणाले. "हे तांदूळ माझ्या घरचे आहेत."

नेमकी त्याच वेळी सुलेखा तानसाठी श्रीखंडाचा डबा घेऊन दारात आली. तिने उघडं यंत्र पाहिलं आणि तिचा जीव कळवळला.

"अहो, अक्षता काढल्या कशाला? राहू द्यायच्या असतात ना!"

मग सगळंच बाहेर आलं. पितळ म्हणजे हळद, गंज म्हणजे कुंकू आणि भिकार वंगण म्हणजे कोल्हापुरी गूळ. चौबळांनी तानकडे न बघता यंत्र सुटं केलं, पुसलं, भोकातलं खोबरं टाचणीने टोकरून काढलं आणि पुन्हा जोडलं. नव्याने रवा भरून मूठ फिरवली. दर वेळी माप सारखंच पडलं. तानच्या छोट्या वजनकाट्यावरचा आकडा जागचा हलला नाही. दांडा लोण्यासारखा फिरत होता.

"यंत्र स्वस्त आहे, पण लबाड नाही," चौबळ म्हणाले. "पास. चुकलो मी."

कोहने तानला हळूच सांगितलं की याच गिऱ्हाइकाला त्याने आधी पाठवलेले सगळे नमुने काही ना काही कारणाने नापास झाले होते. हा पहिलाच पास झाला. या नमुन्यात वेगळं काय होतं? त्याने टेबलावरच्या लाल तांदळांकडे पाहिलं. मग सुलेखाकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून तिला बसायला दिली आणि अदबीने विचारलं, "मॅडम, तुम्ही हे प्रत्येक लॉटला कराल का?"

कोहशी काँट्रॅक्ट त्याच दुपारी झालं. वर्षभराचं, सुलेखाच्या नावाने. चौबळांचं काय, हा प्रश्न तानलाही पडला. तो मनाचा चांगला माणूस. ताम्हण, माळा, डब्या एवढं सगळं मॅडमनी एकटीने कसं न्यायचं, असा त्याने मुद्दा काढला आणि चौबळांची सोय लावली.

आता नवा लॉट तयार झाला की कोहची गाडी वुडलँड्सला येते. सुलेखा मागे बसते, चौबळ पुढे मांडीवर झेंडूची पिशवी घेऊन. अक्षता झाकणाच्या बाहेरच वाहायच्या, ही त्यांची एक तांत्रिक सूचना मान्य झाली आहे. परवा कारखान्यात चकचकीत नवे प्रेस ओळीने मांडलेले बघून त्यांना राहवलं नाही. एकाच्या दांड्याकडे त्यांचा हात आपोआप गेला. कोहने तो हात वरचेवर धरला आणि कानाशी येऊन पुटपुटला,

"चीफ, हात नका लावू. मॅडमचं अजून व्हायचंय."