बसवणप्पांचं क्वांटम

गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी, मुरुमच्या एका सभागृहात, भर भाषणात बसवणप्पांचा माइक बंद करण्यात आला. बिघाड नव्हता. खुद्द अध्यक्षांनी बटण दाबलं. "क्वांटम कॉम्प्युटरचा गावाला काय उपयोग?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत स्वतःचा सत्कार सुरू केला. निषेध!

बसवणप्पा कॉम्प्युटर दुरुस्त करतात. पण क्वांटम ऐकून घेतल्याशिवाय यंत्र परत देत नाहीत. आमच्या पत्रकांचा प्रिंटर पाच मिनिटांत सुरू होतो, मी सुटतो तासाभरानं. "प्रोसेसर आनखी किती बारीक करनार? आतली भिंत इतकी पातळ झालीय की वीज पलीकडं निसटती. आता रस्ताच येगळा! नव्या औषधाचा, नव्या खताचा रेणू कसा वागंल, ते ही यंत्रं सांगतील. समजलं का? आन नुसतं व्हय म्हणू नका!"

सगळे व्हयच म्हणतात. सुटका हवी असते. मीही म्हणत आलोय, कबूल.

माइक गेला तसे अप्पा बाहेर पायऱ्यांवर आले आणि मोठ्यानं सुरू झाले. आम्ही सात-आठ जण मागोमाग. उपरणं हातावर टाकून, बैलबाजारात कापडाखाली बोटं धरून भाव करतात, तसं त्यांनी करून दाखवलं. "कापड हाय तवर भाव ह्योबी हाय, त्योबी हाय. उचललं की एकच. हेच क्वांटम! समजलं का?"

"न्हाय," हणमंतमामा म्हणाले. सारा जन्म बैलांच्या दलालीत गेलेला माणूस. "लई चुकताय, अप्पा. कापडाखाली भाव ठरलेलाच असतो. मला ठाऊक, गिऱ्हाइकाला ठाऊक. तुमाला दिसत न्हाय, एवढंच."

आता अप्पा भडकणार, असं वाटलं. त्यांचा चेहरा मात्र उजळला. "चुकलं! मामा, चुकलं माझं! तिथं आतबी काय ठरलेलं नसतं. मोजल्यावरच ठरतं."

"आतबी न्हाय? मग सौदा व्हतो कसा?"

अप्पा मटकन पायरीवर बसले. उपरण्यानं डोळे पुसले. "वीस वर्सं ह्योच दाखला देतोय मी. चूक काढायला कुणी ऐकलं तर पायजे."

आत हार घालायला माणूस उरला नाही. सगळं सभागृह मामांचा प्रश्न ऐकायला पायऱ्यांवर आलं.

येत्या रविवारी अकराला सभागृहाच्या याच पायऱ्यांवर तुम्हीही या. टाळ्या नकोत. नीट ऐका आणि अप्पांची एक तरी चूक काढा.