वहीवाली

"वॉर्डात वही काढून बसू नकोस गं, लोक बिचकतात," असं मोठ्या जाऊबाईंनी बजावलं होतं. मी कानाआड केलं. माझं चार दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत होतं, वजन कमी. त्या दुपारी ते पहिल्यांदाच माझ्या कुशीत मिळणार होतं. दूध किती प्यायलं, शू कधी केली, हे लिहायला वही नको?

मला काय ठाऊक, सिस्टर हात धुतात की नाही हे गुपचूप टिपणारी तपासनीस त्याच दिवशी येणार होती!

बुटकी सिस्टर पेटीपाशी आली. मी घड्याळ बघून वही उघडली. तिनं पुढे केलेला हात झटकन मागे घेतला आणि बेसिनवर कोपरापर्यंत चोळून आली. मी लिहिलं, 'शू, अकरा वीस.' तिला वाटलं, चुकलंच काहीतरी. पुन्हा बेसिन.

"वहीवाली आलीय गं, आई बनून!" वॉर्डभर कुजबुज झाली. मग काय, बेसिनपुढे रांगच. चष्मा सरकवला, धू हात. नाक खाजवलं, धू हात. एक वाजता साबण संपला.

"सिस्टर, बाळ देताय ना?"

"देते ताई, हात तेवढे वाळू देत!"

दोन वाजता बाळानं टाहो फोडला, आणि दरोडा पडल्यासारख्या सहा सिस्टर हात वर करून उभ्या. तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. वही हिसकावून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "'शी, पिवळी, बारा दहा.' अगं, ही तर खरीच आई आहे!"

हशा पिकला. बुटकीनं बाळ उचललं. मी तोंडातलं पेन काढून दोन्ही हात पुढे केले.

"थांबा!" कोपऱ्यात सकाळपासून विणत बसलेल्या आजी उठल्या. पिशवीतून त्यांनी तपासणीचा छापील कागद काढला. "सिस्टर सगळ्या पास. न धुतलेले हात बाळाला लावायला निघालेली आख्ख्या वॉर्डात ही एकच!"

मी बेसिनवर गेले. मागे सहा जणी वीसपर्यंत आकडे मोजत होत्या, तेही सुरात.

बाळ कुशीत आलं तेव्हा बुटकीची बोटं दिसली. साबणानं पार उललेली.

आम्ही आता घरी आलोय. तुम्ही त्या वॉर्डाकडे गेलात, तर तेवढं तिला बघून या. भेगा बुजल्या का विचारा, आणि समोर उभं राहून मलम लावायला लावा. ती म्हणेल, "आत्ता नको, हात धुवायचेत." ऐकू नका.