ओव्याचा टेम्पो

बिबवेवाडीत श्यामसुंदररावांच्या दारात टेम्पोतून ओव्याची पोती उतरू लागली, तेव्हा त्यांचा जावई केयूर आंघोळीला गेला होता. पहिल्या दिवाळसणाला तो जरा लवकरच आला होता, सासऱ्यांचं मन जिंकायला.

सासूबाईंच्या, म्हणजे वासंतीबाईंच्या चकल्यांना मागणी मोठी. भाजणीत काय किती घालायचं, याचं गणित श्यामसुंदररावांनी नोकरीत असताना सी भाषेत बसवलं होतं. मूळ प्रोग्राम जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेला. उरली ती फक्त मशीनलाच कळणारी फाईल.

"नवीनच लिहून देतो ना, बाबा," केयूर सासऱ्यांना म्हणाला.

"चालत्या गोष्टीला हात लावायचा नाही. वरून काय ते करा."

म्हणून केयूरनं वरून पायथन भाषेतला छोटा प्रोग्राम लावला. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी गोळा करायच्या, जुन्या फाईलमधल्या प्रत्येक जिनसाच्या फंक्शनला हाक मारायची आणि उत्तर थेट मार्केट यार्डातल्या किराणा व्यापारी रंगरावांना पाठवायचं. तांदूळ, डाळी बरोबर गेल्या. ओवा गेला दोनशे छप्पन किलो.

श्यामसुंदररावांनी फोन लावला. "रंगराव, एवढा ओवा बघून शंका नाही आली?"

"आली की. पण गेल्या वर्षी शंका काढली, तर आपणच म्हणालात, 'लिहिलंय तेवढं पाठवा, अक्कल पाठवू नका.'"

जिना ओव्यानं भरला. वरच्या मजल्यावरच्या गोदाबाई पोत्यांवरून चढताना म्हणाल्या, "अख्ख्या पुण्याचं पोट बिघडलंय का हो?"

केयूर टॉवेलनं डोकं पुसत आला आणि जागीच थिजला.

"जावईबापू," श्यामसुंदरराव शांतपणे म्हणाले. हा शांतपणा त्यांच्या मुलीच्या, कादंबरीच्या ओळखीचा होता; ती नवऱ्याच्या बाजूला सरकली. "ओव्याचं उत्तर अपूर्णांकात येतं, बाकीची पूर्णांकात. ते पायथनला सांगितलंत?"

"त्याला कळेल असं वाटलं."

"कसं कळेल? फाईल ते सांगत नाही. तुम्ही गप्प, म्हणून त्यानं पूर्णांक धरला आणि भलत्याच खणातलं काहीतरी उचललं."

"बाबा, तुम्ही कुठेतरी लिहून ठेवायचं ना!" कादंबरी म्हणाली.

"मला माहीत होतं. मी कुणासाठी लिहू?"

केयूरनं लॅपटॉप उघडला. एकच ओळ घातली: उत्तर अपूर्णांकात येईल. पुन्हा हाक मारली. पडद्यावर आलं, दीड किलो.

"बघा!" श्यामसुंदररावांची मान ताठ झाली. "इतकी वर्षं झाली, फाईल चुकत नाही."

वासंतीबाई पदराला हात पुसत पडद्यापाशी आल्या. "दीड किलो? अहो, एवढा ओवा घातला तर चकली काढ्यासारखी लागेल. मी निम्मासुद्धा घालत नाही."

"म्हणजे? मग दरवर्षी मी आकडा सांगतो तेव्हा?"

"'हो' म्हणते. तुम्ही किती हौसेनं सांगता!"

केयूरनं पडद्यावरची नजर हलवली नाही. हसू दाबायला त्याला तेवढीच जागा होती.

श्यामसुंदरराव जिन्यातल्या एका पोत्यावर जाऊन बसले. शेजारचं पोतं थोपटून त्यांनी जावयाला खूण केली. केयूर तिथे टेकला.

"ओव्याची वाफ घेतली की सर्दी जाते म्हणतात," ते म्हणाले. "केयूर, तुला सर्दी आहे का रे?"

"नाही, बाबा."

"मग होऊ दे."