तिकडे कारण द्यावं लागतं

आमच्या समोरच्या दारातले टिपणीस जेवणाचं पार्सल घेऊन आलेल्या माणसाला आधी पाणी देतात आणि मग युरोपचा कायदा सांगतात. तो बिचारा लिफ्टचं दार पायाने अडवून उभा, आणि हे आपले, "उद्या ॲपने तुमचा आयडी बंद केला तर काय करणार? तिकडे कारण द्यावं लागतं!" परवा एकाने विचारलं, "काका, तिकडे पार्किंग मिळतं का?" टिपणीसांनी बघून सांगतो म्हणून कबूल केलं.

भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले. बायको गेल्यापासून मुलुंडच्या या घरात एकटेच. सोसायटीतले बाकीचे निवृत्त लोक बाकावर बसून गुडघ्यांबद्दल बोलतात. टिपणीस बोलतात ते कुठलं सरकार या ॲपवाल्या कंपन्यांना कसं वागवतं त्याबद्दल.

"ऑस्ट्रेलियाने सोळाच्या आतल्या पोरांना सोशल मीडियावरून खाली उतरवलं. चीन मुलांच्या गेमवर घड्याळ लावून बसलाय. आणि आपलं सरकार? मोबाईलवरून पैसे पाठवायचा रस्ता बांधून देतं, म्हणतं, त्यावर कुठल्याही ॲपची गाडी चालवा. बोला वहिनी, कोण शहाणं? तुलना करा, तुलना!"

मी तेव्हा कोथिंबीर निवडत होते.

मध्यंतरी आमच्या सेक्रेटरीने सोसायटीच्या ग्रुपवरून त्यांचा एक मेसेज काढून टाकला. टिपणीस थेट त्याच्या घरी. "मजकूर काढलात, कारण द्या."

"अहो काका, गणपतीच्या वर्गणीखाली तुम्ही चीनबद्दल लिहिलंत!"

"हं. हे कारण झालं. आता अपील कुठे करायचं?"

सेक्रेटरीने वैतागून माझं नाव सांगितलं. मी अपील फेटाळलं. टिपणीस खूश झाले. म्हणाले, निदान सुनावणी तरी झाली.

एकदा दुपारी ते चहाला आले होते. मी सरळच विचारलं, "भावोजी, हे खूळ घेतलंत कुठून?"

त्यांनी कप खाली ठेवला. "खरं सांगू? मला यात काडीचा रस नाही."

"मग?" मी विचारलं.

"केतकीचं काम आहे ना ते." केतकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ॲमस्टरडॅमला अशाच एका ॲपवाल्या कंपनीत ती कायद्याचं बघते, एवढं मला माहीत होतं. "ही होती तोवर मायलेकींचं तासभर चालायचं. ही गेली, आणि आम्ही दोघं फोनवर नुसते... जेवलात का, गोळी घेतली का, संपलं. मग एकदा विचारलं, तुझं काम काय गं नक्की? तर थांबेचना. तेव्हापासून वाचतो. कळलं नाही की पुन्हा वाचतो."

या दिवाळीत केतकी आली. माझ्याकडे लाडवांचा डबा घेऊन आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणते नोकरी?"

तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकू, ती कधीच सोडली. आता एका बेकरीत ब्रेड करते. मजेत आहे एकदम."

"आणि बाबांना?"

"कसं सांगू? त्यांना या विषयाचं केवढं वेड आहे! आई गेल्यावर पहिल्यांदाच कशात तरी रमलेत. फोन करायच्या आधी मी बसून सगळं वाचून घेते. जाम बोअर होतं, पण काय करणार?"

अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. तेवढ्यात समोरून हाक आली, "केतकी, ब्राझीलचं वाचलंस का?"

"वाचलं ना, बाबा. पण तुम्ही चुकताय हां!" म्हणत ती पळालीच.

थोड्या वेळाने लाडू काढून, डब्यात चार चकल्या घालून मी तो परत द्यायला निघाले. दार उघडंच होतं. आत ब्राझीलवरून दोघांचा आवाज चढला होता. टिपणीस हसत होते. मी आवाज न करता मागे फिरले.