तात्या आत येत नाहीत

गेल्या माघात मी एका परक्या बाईच्या चपला घरी घेऊन आलो. चोरल्या नाहीत, उचलल्या. या दोन्हींतला फरक बायकोला समजावताना माझा घसा कोरडा पडला. त्यात भर म्हणजे मी फरकाचंच व्याख्यान ऐकून आलो होतो. आमच्या केडगावातल्या मंगल कार्यालयात तीन दिवस व्याख्यानमाला होती, विषय 'धर्म आणि अध्यात्म यांतला फरक', शेवटच्या दिवशी महाप्रसाद. मी तिन्ही दिवस वही घेऊन गेलो. पहिल्या दिवशी अडीच पानं भरली, दुसऱ्या दिवशी अर्धं. तिसऱ्या दिवशी वहीत नुसती एक रेघ आहे. ती खाली खाली उतरत जाते आणि संपते. तिथं मला झोप लागली असावी.

निघताना सुनंदाच्या दोन्ही हातांत प्रसादाचे डबे होते. गाडी पायरीला लागूनच होती. "मी बसते गाडीवर. माझ्या चपला तेवढ्या घ्या," ती म्हणाली. तपकिरी, दोन पट्ट्यांच्या. समोर तशाच दिसल्या. उचलल्या, पिशवीत टाकल्या, पिशवी गाडीच्या हुकाला लावली. घरी आल्यावर तिनं पिशवीत हात घातला.

"ह्या कोणाच्या?"

"तुझ्या."

"सव्वीस वर्षं माझे पाय बघताय ना हो?"

खरं सांगायचं तर कधी नीट बघितले नव्हते. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

सुनंदानं चपला उजेडात धरल्या. टाचेपाशी लाल दोऱ्याची शिलाई होती, पट्ट्यांना खोबरेल चोळलेलं. आत पाच बोटांचे ठसे खोल उमटलेले, पण ठशांत धुळीचा कण नाही. "ह्या वापरातल्या आहेत आणि वापरातल्या नाहीत," ती म्हणाली. व्याख्यात्यांच्या तोंडी असलं वाक्य आलं असतं तर मी ते वहीत उतरवलं असतं. मग ती म्हणाली, "तात्यांना काय सांगणार आता?" तेव्हा मात्र मी खाली बसलो.

तात्या आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत भाड्यानं राहतात. एकटेच. राहुरीला विद्यापीठाच्या रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधण्यात त्यांची सगळी नोकरी झाली, आणि दोनेक वर्षांपूर्वी ते इकडे आले. तेव्हापासून आमच्या भागात जिथं चार माणसं चपला काढून आत जातात, तिथं तात्या बाहेर बसतात. शनिवारी मारुतीपाशी. रविवारी आमच्या छोट्या चर्चपाशी. तिथं मागच्या बाजूला सतरंजीवर बसायचं असतं, म्हणून चपला बाहेर. गुरुवारी दर्ग्यापाशी. आणि ते तीन दिवस मंगल कार्यालयाच्या पायरीपाशी. त्यांना कुणी नेमलेलं नाही, ते कुणाकडून काही घेत नाहीत. नुसते चपला सरळ करतात. प्रत्येक जोडी फिरवून ठेवतात, तोंड बाहेर, टाचा आत. माणूस बाहेर आला की पाय घालायचा आणि चालू लागायचं.

नवीन चपलांची त्यांची पद्धत वेगळी. डावी इकडे, उजवी पार पलीकडे, कुंडीमागं. "नवी जोडी एका जागी ठिवायची न्हाई. देवाच्या दारात समद्यात आदी तिलाच मोक्ष मिळतो." माझे नवे बूट शोधता शोधता माझी एकदा आरती हुकली होती. तसं मी त्यांना सुनावलं. ते म्हणाले, "आरती पुढल्या शनवारी परत हाय. बूट नस्ते आले."

चपलेच्या तळावरून ते माणूसही सांगत. "ह्यो भाईरच्या अंगानं टाच झिजवतो, घरात लई वरडत आसंल." माझी चप्पल त्यांनी एकदा उलटी करून बघितली आणि काही न बोलता ठेवून दिली. मी खूप विचारलं. "जाऊ द्या, साहेब," एवढंच म्हणाले. मी शाळेतला क्लार्क. मला साहेब म्हणणारे ते एकटेच, म्हणून मी पुढे ताणलं नाही.

त्यांच्याबद्दल लोकांची मतं पक्की होती. मारुतीच्या मंडळातले म्हणत, म्हातारा बाटलाय. चर्चचे पाळक समजत, आज ना उद्या आत येईल. दर रविवारी दारातून हाक मारत. दर्ग्यातल्या चाचांना वाटे, काही नवस असेल. मी स्वतः त्यांना थोडं खुळ्यात काढलं होतं. मत पक्कं असण्यापुरतं तिन्ही धर्मांशी माझं एकमत होतं.

कुणीही "आत या की" म्हटलं की तात्यांचं उत्तर ठरलेलं. "आमचं मानूस आत हाय. मी हितं बरा हाय." लोकांना वाटे, असेल कुणी नात्यातलं. गर्दीत कोण मोजायला जातंय?

व्याख्यानमालेच्या दुसऱ्या दिवशी वक्ते म्हणाले होते, "धर्म म्हणजे पायातली चप्पल. दारापर्यंत यायला ती लागते. अध्यात्माच्या गाभाऱ्यात जाताना ती काढून ठेवायची." टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर मी मोठ्या उत्साहानं हे तात्यांना ऐकवलं. ते एका बाईच्या चपलेतला खडा काढत होते.

"बराबर हाय," ते म्हणाले. "पन समदे आत गेल्यावर भाईरच्या कुनी बघायच्या, त्ये सांगितलं का?"

ते सांगितलं नव्हतं. निदान मी जागा असेपर्यंत तरी नाही.

तर अशा माणसाच्या राखणीतून मी जोडी उचलली होती. कशी, तेही आता आठवलं. तात्या एका म्हातारीला धरून रिक्षेपर्यंत सोडायला गेले होते, तेवढ्यात. आम्ही तसेच गाडीवर बसून परत गेलो. सुनंदा अनवाणीच.

कार्यालयासमोर मांडववाल्यांचा टेम्पो उभा होता. दोघं जण कनाती सोडवत होते, आणि तिसरा सतरंजीचं टोक धरून तात्यांशी हुज्जत घालत होता. तात्या सतरंजीवर गुडघे टेकून बसले होते. मध्येच कोपरा उचलून खाली बघत होते.

"बाबा, उठा आता. सतरंजीखाली चप्पल असती व्हय?"

"जोडी एक कमी हाय. मी उठनार न्हाई."

"अहो, एक जोडी उरली पन हाय ना? ती न्या की."

"ती दुसऱ्याची हाय."

उरलेली, म्हणजे सुनंदाची जोडी, पायरीवर होती. एकटीच, पण फिरवून, तोंड बाहेर करून ठेवलेली.

येताना मी एक विनोद जुळवून आणला होता, मोक्षाबद्दल. तो मी गिळला आणि पिशवी पुढे केली. तात्यांनी चपला बाहेर काढल्या. लाल शिलाईवरून अंगठा फिरवला. धोतराच्या सोग्यानं तळ पुसला, पट्ट्या पुसल्या, आणि तिथंच मांडी घालून बसले. मांडववाला सतरंजी ओढायचं विसरला.

"तात्या, चूक माझीच," मी म्हणालो. "कुणाच्या आहेत ह्या? त्यांची माफी मागतो मी."

"आमच्या मानसाच्या हायेत."

"त्या आत होत्या का?" सुनंदानं विचारलं.

तात्यांनी तिच्या उघड्या पायांकडे बघितलं. आधी उठून तिच्या चपला आणून तिच्यासमोर ठेवल्या, मग बोलले.

"मिशनच्या दवाखान्यात सिस्टर हुती ती. तिचा देव येगळा, माझा येगळा. लग्नाला दोन्हीकडचं कुनी आलं न्हाई. मंग आमी ठरवलं. आयतवारी ती आत, मी भाईर. शनवारी मी आत, ती भाईर. एकमेकाच्या चपला राखायच्या. तीस वर्सं चाललं."

"तुम्ही दोघं बरोबर आत का नाही गेलात कधी?" मी विचारलं.

"आत गेलं की इचारत्यात, तुमी कुनातले. चपलांपाशी कुनी इचारत न्हाई."

कनातीचा एक बांबू खाली पडला. मांडववाल्यानं तो उचलेपर्यंत तात्या थांबले.

"मातीच्या दिवशी माझे भाऊ आलेच न्हाईत. तिचे आल्ते. त्ये म्हनले, ह्यो आत आला तर आमी जातो. म्हनलं, भांडू नका. मी भाईर बसतो, मला सवय हाय. दवाखान्यानं तिचं सामान पिशवीत दिल्तं, त्यात ह्या हुत्या. कबरस्तानाच्या फाटकापाशी काढून सरळ करून ठिवल्या. तोंड भाईर." ते चपलांकडे बघत राहिले. "समदी भाईर आली. हात धुतलं, गेली. ह्या राह्यल्या."

सुनंदानं आपल्या चपलेत घातलेला पाय परत बाहेर काढला.

"मंग जिथं मानसं जमत्यात तिथं नेतो. चारचौघींच्या चपलांत ठिवतो. ह्या भाईर हायेत म्हंजी ती आत हाय. तेवढा येळ बरा जातो, साहेब."

"आणि सगळे निघून गेल्यावर?" हे विचारायला नको होतं. मी विचारलं.

"मंग उचलतो. समद्यात शेवटी."

त्यांनी चपला आपल्या कापडी पिशवीत ठेवल्या, वर एक रुमाल टाकला आणि मांडववाल्याला म्हणाले, "गुंडाळ बाबा आता. लई खोळंबा झाला तुजा." मग निघाले. मागून बघताना मला दिसलं की त्यांच्या स्वतःच्या पायातल्या चपलेची एक वादी तारेनं बांधलेली आहे. माणसांच्या टाचा वाचणाऱ्या माणसाच्या चपलेकडे मी दोन वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

परतताना मी गाडी सावकाश चालवत होतो. काहीतरी बोलायला हवं, असं वाटत होतं, पण जे सुचत होतं ते सगळं वहीतलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर सुनंदा मागून म्हणाली, "शनिवारी मारुतीला जाऊ. माझ्या चपला त्या लाल शिलाईच्या शेजारी काढीन."

मी बरं म्हटलं.

घराशी गाडी थांबली तेव्हा ती उतरली आणि म्हणाली, "शनिवारी तुम्ही उचलू नका. मी माझ्या घालून येईन."